बिनधाग्याची चंद्रकळा

आमची केतकी कॉम्प्युटरवरच्या बाहुल्यांचे कपडे रंगवायची, तेव्हा रंगांची नावं तिला मी सांगायची.

एक खेळ होता. त्यात घर बांधायचं, माणसं ठेवायची, त्यांना जेवूखाऊ घालायचं, कामाला धाडायचं. हरणं-जिंकणं काही नाही, नुसता संसार. पण खेळासोबत येणारे कपडे सगळे परदेशी. म्हणून जगभरातल्या मुली त्या कपड्यांचं चित्र बाहेर काढायच्या, फोटोशॉपमध्ये त्यावर नवा रंग चढवायच्या आणि एका वेबसाइटवर ठेवून द्यायच्या. ज्याला हवं त्यानं उतरवून घ्यावं, आपल्या बाहुलीला नेसवावं. केतकी हायटेक सिटीत दिवसभर कॉम्प्युटरवर काम करून यायची आणि घरी आली की पुन्हा हेच. मी वाती वळत तिच्यामागे पाटावर बसायची. रोज एकशे आठ फुलवाती वळायचा माझा नेम आहे. हात चालू असले की डोळे कुठेही बघायला मोकळे.

"आई, हा गुलाबी बरा दिसतोय का?"

"गुलाबी कुठला? गुलबक्षी आहे तो."

"कॉम्प्युटरला गुलबक्षी कळत नाही गं. त्याला नंबर लागतात."

"मग नंबर त्याला दे, नाव बाहुलीला दे."

ती हसली, पण तिनं तेच केलं. साइटवर तिच्या कपड्यांच्या खाली इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असायचं: गुलबक्षी, श्रीखंडी, मोरपंखी, अंजिरी, चिंतामणी. कुठल्या कुठल्या देशातल्या मुली विचारायच्या, चिंतामणी म्हणजे काय? केतकी लिहायची, विचारून सांगते. मग स्वयंपाकघरात यायची. मी सांगायची की निळा आणि जांभळा यांच्या मधला, उन्हात एक आणि सावलीत एक असा दिसतो तो.

त्या श्रावणात केतकीनं लग्न केलं. तिच्याच ऑफिसातला हर्षवर्धन, वरंगलकडचा तेलुगू मुलगा. रजिस्टरवर सह्या करून झाल्यावर तिनं एकनाथरावांना सिकंदराबादला त्यांच्या रेल्वेच्या ऑफिसात फोन केला. एकनाथराव म्हणजे माझे यजमान. आधी सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं कोण जाणे. पण चार माणसांच्या टेबलांमध्ये उभं राहून त्यांना ते ऐकावं लागलं, हे त्यांना लागलं. पंधरा दिवसांत दोघं टोरंटोला गेली. दारात आली होती निरोप घ्यायला. एकनाथरावांनी दार उघडलं नाही.

एकनाथराव ओरडणाऱ्यांपैकी नाहीत. त्या दिवशी मी देवघरात वाती वळत होते, तिथं येऊन ते उंबऱ्याशी बसले.

"उषा, या घरातून तिकडं फोन जायचा नाही. पत्र जायचं नाही. एक धागा जायचा नाही. देवासमोर म्हण."

माझ्या बोटात कापूस होता. समोर समई होती. मी "बरं" म्हटलं.

माझा आवाज मुळातच लहान. पण देवापुढं लहान आवाजात बोललेलं काही कमी होत नाही. सोळा सोमवार असोत की चातुर्मासातलं अळणी, बोललेलं मी कधी मोडलेलं नाही. हेही मोडणार नव्हते.

आमचं इंटरनेट एकनाथरावांनी बंद केलं होतं, पण शेजारच्या भाग्यलक्ष्मीबाईंकडे तेव्हा ते नुकतंच आलं होतं. त्या मला उषा वदिना म्हणतात. वदिना म्हणजे तेलुगूत वहिनी. दुपारी त्यांच्याकडे बसून मी ती वेबसाइट बघायची. बघायला तर कुणी मना केलं नव्हतं. केतकी तिकडूनही कपडे टाकत होती. दर आठ-पंधरा दिवसांनी एखादा. पण नावं गेली होती. खाली नुसतं असायचं: ड्रेस बारा, निळा. ड्रेस तेरा, लाल. मी त्या लालाकडे बघत बसायची. तो डाळिंबी होता. विचारायला तिच्याजवळ स्वयंपाकघर नव्हतं.

पौष लागला तशी माझी घालमेल सुरू झाली. आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला लेकीला माहेरची चंद्रकळा जाते. काळं लुगडं, त्यावर पांढऱ्या बारीक टिकल्या, लाल काठ. तिच्या सासरी तर सणाला काळं शिवतसुद्धा नाहीत. म्हणजे मी नाही दिली तर तिला ती कुणीच देणार नाही, आणि पहिली संक्रांत काही दुसऱ्यांदा येत नाही.

नुमाइश, म्हणजे दर जानेवारीत भरणारं मोठं प्रदर्शन, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. नामपल्लीत राहणारा माणूस जानेवारीत तिथं गेला नाही असं होत नाही. मीही गेले. एका दुकानात काळी इरकल टांगलेली होती. पदराचं टोक हातात धरलं. दुकानदार म्हणाला, "देखो माँ, खोल के देखो, हाथ लगाने के पैसे नहीं." मी टोक सोडून दिलं. एक धागा जायचा नाही म्हटलंय.

घरी आले, केतकीच्या टेबलापाशी उभी राहिले. कॉम्प्युटरवर एकनाथरावांनी जुना पंचा घातलेला होता. धूळ बसू नये म्हणून, असं ते म्हणायचे. तो पंचा बघता बघता माझ्या मनात आलं, की तिच्या त्या कपड्यांत धागा कुठे असतो?

हे पळवाट शोधणं झालं, मला कळत होतं. म्हणून मी दोन दिवस काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी आंघोळ करून, दिवा लावून देवाला स्पष्ट विचारलं. उत्तर आलं नाही. पण उजवीकडचं फूल पडलं. वाऱ्यानंही पडलं असेल.

कॉम्प्युटर चालू करणं मला येत होतं. केतकीच्या फायली तिथंच होत्या. त्यात तिची साडीही होती. खेळात साडी नव्हतीच; एका लांब गाउनवर तिनं निऱ्या, पदर, काठ असं सगळं चितारलेलं. गाउनचा आकार बदलत नाही, वरचं चित्र तेवढं बदलतं. ते चित्र शिंप्यानं बेतून ठेवल्यासारखं असतं. पुढचा भाग एकीकडे, पाठ एकीकडे, बाह्या वेगळ्या, सगळं सपाट पसरलेलं. खेळात गेलं की ते बाहुलीच्या अंगावर गुंडाळलं जातं. एकावर एक ठेवलेल्या काचांसारखे त्याचे थर असतात. खालच्या थरात चुण्यांच्या सावल्या, वर रंग, त्याच्यावर काठ.

मी रंगाचा थर काळा केला. अगदी काळा, खाली जाईल तितका खाली. आणि बघते तर साडी नाहीच. बाईच्या आकाराचं भोक. निऱ्या गेल्या, पदराची घडी गेली, सगळं बुडालं. मग आठवलं, हे केतकीनं मला एकदा सांगितलं होतं. तिला म्हटलं होतं, रात्र काळी रंगव की. तर म्हणाली, "काळा काळा नाही करायचा गं आई. थोडा निळा ठेवायचा. नाहीतर आतलं काहीच दिसत नाही."

खरी चंद्रकळा आठवून बघितली. माझ्या आईची होती. ट्रंकेतून काढली की उजेडात तिच्यात जांभळी झाक यायची. मग मी निळा थोडा वाढवला, तांबडा त्याहून थोडा कमी. निऱ्या हळूहळू वर आल्या. किती दुपारी गेल्या त्यात. एकनाथराव साडेसहाला यायचे. सहाला मी कॉम्प्युटर बंद करून पंचा होता तसा घालायची. टिकल्या मी एक एक दिल्या. एका फटक्यात सगळ्या देता येतात हे मला नंतर कळलं, पण बरंच झालं. प्रत्येक टिकलीला नाव घेतलं. कुणाचं ते देवाला माहीत.

त्या साडीसोबत दुसरंही एक चित्र होतं, त्याच बेताचं, पण नुसतं पांढरं. त्याचं काय करायचं मला कळेना. म्हटलं, ही आतली बाजू असणार, अस्तर. चंद्रकळेला पांढरं अस्तर कसं चालेल? मी तेही काळं करून टाकलं. सगळं एका पेनड्राइव्हमध्ये घेतलं, पेनड्राइव्ह हळदीकुंकवाच्या बटव्यात ठेवला आणि भाग्यलक्ष्मीबाईंकडे गेले. आमच्याकडची खेळाची सीडी केतकी सोबत घेऊन गेली होती, पण तिनंच कधीतरी त्यांच्या कॉम्प्युटरवर तो खेळ घालून दिला होता. त्या स्वतः त्यात भाजीचे वाफे लावत बसायच्या.

"क्या बनाए वदिना? दिखाओ दिखाओ."

बाहुली आली. वळली. आणि मी "अगं बाई!" म्हणून पडद्यावर पदर टाकला.

"अय्यो! ये क्या जी?" भाग्यलक्ष्मीबाईंनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. "तुम तो देवभक्त लोगां! बेटी की सासू देखी तो?"

बाहुलीच्या अंगावर सूतभर कपडा नव्हता. गळ्यापासून खाली सगळी उघडी, आणि तोंडावर तिचं ते हसू. लेकीला नेसवायला निघालेली मी, आणि होतं नव्हतं तेही काढून घेतलं. पदराखाली हात घालून मी ते बंद केलं. घाईत एकदा चुकीचंच बटण दाबलं आणि ती टाळ्या वाजवायला लागली. भाग्यलक्ष्मीबाई हसून हसून सोफ्यावर आडव्या झाल्या. शेवटी मलाही हसू आलं. केतकी गेल्यापासून त्या घरात किंवा या घरात माझं असं हसणं झालं नव्हतं.

घरी येऊन केतकीच्या बाकीच्या फायली उघडून बघितल्या, तेव्हा उमगलं. ते दुसरं चित्र अस्तर नव्हतं. खेळाला सांगायची ती खूण होती: जिथं पांढरं, तिथं कापड आहे; जिथं काळं, तिथं नाही. म्हणजे मी माझ्या हातानं खेळाला सांगितलं होतं, की हिला काही देऊ नकोस. ते कळता कळता मला समोरचं दिसेना. पुन्हा सगळं पांढरं केलं. कडेपर्यंत, एकही ठिपका राहू दिला नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भाग्यलक्ष्मीबाईंनी वेबसाइटवर खातं उघडलं. माझं नाव घालू नका म्हटलं, म्हणून त्यांनी चंद्रकळा हेच नाव घातलं. बाहुलीनं साडी नेसली होती. निऱ्या दिसत होत्या. वळली तर पाठीवरच्या टिकल्या चमकल्या.

"पंडगलाच काळा कपडा कैकू, ये मेरे कू समझताच नै," त्या म्हणाल्या. पंडग म्हणजे त्यांच्याकडे सण. "पण दिसरा अच्छा. अब नीचे कुछ लिखो. सब लोगां लिखते."

"नक्को."

"अरे, बेटी कू कैसा मालूम होना?"

"लिहिलं तर पत्र होतं," मी म्हटलं. "पत्र जायचं नाही म्हटलंय."

मग खालचा रकाना कोराच ठेवून त्यांनी बटण दाबलं.

संक्रांत गेली. भोगी, वाण, सुवासिनी, सगळं केलं. रोज दुपारी शेजारी जाऊन मी बघायची. साडी किती जणांनी उतरवून घेतली तो आकडा असायचा. चार, मग अकरा, मग चाळीस. ब्राझीलमधल्या कुणी तिला पार्टीचा झगा म्हटलं होतं. पोलंडमधल्या एकीनं आपल्या बाहुलीला ती नेसवून स्वयंपाकघरात उभं केलं होतं आणि फोटो टाकला होता. माझ्या आईची चंद्रकळा कुठं कुठं गेली. त्या चाळिसांत एक केतकी असेल का, ते कळायची सोय नव्हती. तिचा मधे एक कपडा आला: ड्रेस सतरा, हिरवा. बाकी काही नाही.

मी मनाला म्हटलं, द्यायचं ते दिलं. पोचलं की नाही हे बघणं माझ्याकडे नाही. देवाला फूल वाहतो, पावती मागत नाही. पण हे म्हणायला ठीक. दुपारचे अडीच झाले की पाय शेजारी वळायचेच.

संक्रांतीनंतर नवव्या दिवशी मी दारात चपला काढते तोच भाग्यलक्ष्मीबाई आतून ओरडल्या.

"वदिना! जल्दी आओ! किसकू तो जुलाब हुए!"

"काय?"

"मेसेज आया. देखो ना, लिखे हैं. जुलाब."

मी चष्मा लावला. वेबसाइटच्या निरोपाच्या पेटीत इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. नाव केतकीच्या त्या खात्याचं. कधी मराठी पुस्तक पुरं न वाचलेल्या माझ्या लेकीनं, जसं येईल तसं. मी एक एक अक्षर जुळवलं.

काठ डावीकडे तुटलाय. जुळव.

एवढंच. मी बाहुली वळवून बघितली. खरंच, डाव्या कुशीला जिथं पुढचा भाग आणि पाठ भेटतात, तिथं लाल काठ दोन बोटं वरखाली झाला होता. मी बेतातल्या सपाट चित्रात तो सरळच काढला होता. अंगावर गेल्यावर शिवणीशी तुटतो हे मला ठाऊक नव्हतं.

"जुलाब नै है," मी म्हटलं. "जुळव आहे."

"मतलब?"

"जोडो."

सांगता सांगता माझ्या लक्षात आलं. अनोळखी बाईला ती "जुळवा" म्हणाली असती. इंग्रजीत लिहायचं तर शेवटी एक अक्षर जास्त. ते नव्हतं. घाईत राहिलं असेल, असंही मनाला सांगून बघितलं. पण माझी केतकी दारावर येणाऱ्या भंगारवाल्यालाही अहो-जाहो करणारी. जगात ज्या एका बाईला ती "अगं, तू" म्हणते, तिलाच तिनं ते लिहिलं होतं.

निरोपाखाली उत्तराचा रकाना उघडा होता. त्यात एक रेघ उघडमीट करत होती. भाग्यलक्ष्मीबाईंनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला आणि चहा टाकायला गेल्या. मी बोटं अक्षरांवर ठेवली. लेकीनं हाक मारली होती आणि माझ्या तोंडात दिलेला शब्द होता. बोटं उचलली.

घरी येऊन काठ जुळवला. दोन बोटं खाली घेतला, खेळात जाऊन तपासायला पुन्हा शेजारी गेले, पुन्हा केसभर वर घेतला. आता शिवण कुठं आहे ते शोधूनही सापडेना. आणि ते करता करता माझ्या मनात एक गोष्ट हळूहळू बसत गेली. मी आजवर जितकी व्रतं धरली, त्या प्रत्येकाला शेवट होता. सोळा सोमवारांना सतरावा. चातुर्मासाला कार्तिकी. ज्याला उद्यापन नाही ते व्रत नसतं. ते नुसतं अडकून पडणं. मोडणं वेगळं आणि फेडणं वेगळं. मला मोडायचं नव्हतं.

संध्याकाळी एकनाथराव पानावर बसले. वरण वाढलं, तूप वाढलं. त्यांचा पहिला घास होऊ दिला.

"अहो, उद्यापन करायचं म्हणते."

"कशाचं? आता कुठलं व्रत चालू आहे तुझं?"

"श्रावणात धरलं होतं. तुम्हीच देवघरात येऊन बोलायला लावलं ते."

त्यांचा हात वरणभातात थांबला. मी आवाज चढवला नाही, मला तो चढवताच येत नाही.

"एवढे दिवस पाळलं," मी म्हटलं. "फोन केला नाही, पत्र लिहिलं नाही, धागा पाठवला नाही. विचारा देवाला. पण आता फेडायचंय. त्याशिवाय पुढचं काही धरता येत नाही."

बाहेर नुमाइशीच्या भोंग्यावर कुणाचं तरी हरवलेलं माणूस शोधत होते. फाटकापाशी या, फाटकापाशी या, असं उर्दूत सांगत होते. एकनाथरावांनी लोणच्याची फोड ताटाच्या कडेला सरकवली, पुन्हा आत घेतली.

"मेहूण कुणाला सांगायलीस?" त्यांनी विचारलं.

उद्यापनाला नवराबायकोचं जोडपं जेवायला बोलवावं लागतं, ते मेहूण. इतकी वर्षं ते मला हाच प्रश्न विचारत आले आहेत, आणि इतकी वर्षं मी कधी कुलकर्ण्यांचं, कधी वरच्या मजल्यावरचं नाव सांगत आले.

"अजून सांगितलं नाही. तुम्हाला विचारून सांगावं म्हटलं. एकच मेहूण आहे मनात. लांब असतं."

त्यांनी मान वर केली नाही. भात संपवला. ताक मागितलं, मी ओतलं. ताक अर्धं पिऊन झाल्यावर भांडं खाली ठेवलं.

"त्या पोराला पुरण चालतं का?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं. "बोललेच नाही कधी त्याच्याशी. विचारावं लागेल."

"मग विचार की," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

मी तिथंच ताटं घेऊन बसून राहिले. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. तिकडे सकाळचे दहाला वीस कमी. ती कामावर पोचली असेल, नाहीतर बसमध्ये असेल, खिडकीशी.